कळीवरचा विळा

चंद्रभागाबाईंचा नेम टाकळवाडीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होता. पहाटे अंघोळ, तुळशीला तांब्याभर पाणी, नामाची एक माळ, आणि मग ओल्या हातांनीच रानात जाऊन उभ्या पिकाला स्पर्श. तोवर पोटात चहाचा घोटसुद्धा नाही. त्या वर्षीच्या दुष्काळाने अंघोळीचं पाणी बादलीवरून चार तांब्यांवर आणलं, गावाला टँकर दोन दिवसांआड येऊ लागला, तरी नेम काही ढळला नाही. त्यांचे मालक आश्रुबा ओसरीवर चहा पीत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या घरात आधी देव, मग पीक. त्यातून काई उरलं तर मी."

बाई बोलायच्या हळू. पण बोललेलं परत उचलायची त्यांना सवय नव्हती, आणि तशी कधी वेळही आली नव्हती.

धारूरच्या घाटाखाली वसलेल्या या गावात चैत्रातल्या चतुर्दशीला भैरोबाला दवणा वाहतात. तो दवणा लावायचा मान चंद्रभागाबाईंच्या सासरचा. चौतीस वर्षं त्यांनी तो एकदाही चुकवला नव्हता. परसातल्या दोन वाफ्यांत वाढवायचा, डोळ्यांत तेल घालून जपायचा आणि पूर्ण फुलल्यावरच कापायचा. कळीतला दवणा देवाला चालत नाही. कळीवर विळा म्हणजे पोटुशी बाई उंबऱ्यातून हाकलल्यासारखं, असं त्यांच्या सासूबाई सांगत, आणि गावातल्या सगळ्या बाया ते मानत.

म्हणूनच कंपनीचा माणूस, घाटनांदूरचा बद्रीनाथ, बियाण्याची पुडी घेऊन गावात आला तेव्हा तो आधी चंद्रभागाबाईंच्याच ओसरीवर बसला. गावातल्या तेवीस बायांनी दोन वर्षांपूर्वी औषधी वनस्पतींची सहकारी संस्था काढली होती. सहा एकर रान, त्यात प्रत्येकीचं एक वावर, एक शेततळं, आणि अध्यक्ष चंद्रभागाबाई. शेततळ्यात जेवढं पाणी होतं तेवढ्यावर ऊस तर सोडाच, कपाशीही निघाली नसती. बद्रीनाथने आणलेल्या पिकाला थेंबाथेंबाचं पाणी पुरतं, असं तो म्हणत होता.

"नाव आर्टेमिशिया," तो म्हणाला. "ह्याच्या पाल्यातून मलेरियाचं औषध निघतं, काकू."

बाईंनी पुडी उघडली. बी कसलं, धूळच. एका चिमटीत वाफाभर रोपं. त्यांनी नर्सरीच्या ट्रेमधलं नमुन्याचं रोप उचललं, पान चुरगाळलं आणि नाकाशी नेलं.

"हे तर दवण्याचं भावंड हाय."

बद्रीनाथ चकित झाला. "खरंच एका कुळातलं हाय, काकू! आमाला हे कॉलेजात शिकवलं."

"मला सासूनं शिकवलं," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून या पिकाच्या बाबतीत चंद्रभागाबाईंचा शब्द शेवटचा ठरला. आणि पहिले चार महिने तो खराही ठरत गेला. धुळीएवढं बी राखेत मिसळून कसं पेरायचं, वरून पाणी न ओतता ओलं पोतं कसं अंथरायचं, रोपाला उन्हाची सवय कशी लावायची, सगळं त्यांनी दवण्याच्या अनुभवावर शिकवलं. शंभरातली नव्वद रोपं जगली. पौषात लागण झाली आणि होळीपर्यंत सहा एकर हिरवंगार उभं राहिलं. आसपासचं सगळं माळरान भाजून निघालेलं आणि मधे हा हिरवा तुकडा. शेळ्या तोंड लावीनात, इतका कडू.

बाईंना या पिकाबद्दल आणखी एक माया होती, ती त्या बोलून दाखवत नसत. सोळा हंगाम त्या कोयता घेऊन ऊसतोडीला गेल्या होत्या. एका हिवाळ्यात नदीकाठच्या कोपीत त्यांना हिवताप झाला. पाचटाच्या त्या झोपडीत तीन गोधड्यांखाली दात वाजत होते, आणि शेजारच्या कोपीतली, पाटोद्याकडची एक बाई त्याच तापात गेली. तिला काढा पाजायलासुद्धा कुणी मोकळं नव्हतं, सगळी फडात. त्या तापावरचं औषध आपल्या रानात उगवतंय, हे भैरोबानेच घडवून आणलं याबद्दल बाईंना तिळभर शंका नव्हती.

आता पाला पास व्हायला हवा होता. शंभर किलो वाळल्या पाल्यातून निदान पाऊण किलो औषध निघालं तरच कंपनी माल उचलणार आणि पुढच्या वर्षीचा करार करणार. नाही निघालं तर या तेवीस घरांना दसऱ्यानंतर पुन्हा दाराला कुलूप लावून ऊसतोडीच्या ट्रकमध्ये बसायचं होतं. मुकादम शहादेव तर गल्लीतून जाताना मुद्दाम मोठ्याने विचारायचा, "काय बायांनो, गवत कधी इकताय? का गाडीत जागा धरून ठिवू?"

"तुपल्या गाडीत तूच बस," वत्सलाबाई आतून ओरडायची. वत्सलाबाई तोंडाची फटकळ, पण संस्थेत कष्टाला सगळ्यांत पुढे.

बद्रीनाथने सांगून ठेवलं होतं की एकशे दहा दिवसांनी, कळी धरायच्या बेतात पीक कापायचं. म्हणजे वैशाखात. पण चैत्र लागला, लागणीचा अठ्ठ्याहत्तरावा दिवस आला, आणि संस्थेची सचिव सत्यभामा सकाळीच चंद्रभागाबाईंच्या वावरात येऊन उभी राहिली. बावीस-तेवीस वर्षांची पोर, बारावी झालेली, हिशोबाइतकीच पिकावरही नजर असलेली.

"मावशी, ह्ये बगा. शेंड्याला गाठी आल्यात."

बाईंनी शेंडा दोन बोटांत धरला. मोहरीएवढ्या, हिरव्या-पिवळ्या गाठी.

"कळ्या हायत. भेतीस कावून?"

"साहेब म्हन्ले व्हते, कळी लागली की कापा."

"साहेब तर वैशाखबी म्हन्ले व्हते. मग त्यांचं कोणचं खरं धरायचं?" बाई हसल्या. "सत्यभामे, दवण्याचा गुण त्याच्या वासात. वास भरतो फुलल्यावर. कळीत कापला तर नुसता पाचोळा. चतुर्दशीला देवाला जुडी वाहू, मग समदी मिळून कापू. सोन्यासारखा पाला निघंल."

सत्यभामाची मान हलली नाही. "मावशी, मी साहेबांला फोन लावते. तुमाला सांगून लावते, चोरून न्हाई."

"लाव की," बाई म्हणाल्या. त्यांच्या मनात किल्मिष नव्हतं आणि धास्तीही नव्हती.

षष्ठीला बद्रीनाथ मोटारसायकलवर आला. तोवर चार वावरं फुलली होती, त्यांत चंद्रभागाबाईंचं सगळ्यांत दाट. बारीक पिवळ्या फुलांनी रान झाकलं होतं आणि वास असा की वाटसरू बांधावर थबकावा. बद्रीनाथने ते पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"काकू, ह्ये काय झालं?"

"फुललं," बाई म्हणाल्या, एखाद्याने नातवाचं कौतुक ऐकावं तशा.

"महिनाभर आधी! उरलेलं आज कापा. आजच्या आज."

"चतुर्दशीच्या आधी इळा लागायचा न्हाई, साहेब. तुमी असं करा, मपलाच पाला न्या तपासायला. फुललेला. तुमच्या मशीनलाबी कळू द्या दवणा काय असतो."

बद्रीनाथने दोन पिशव्या भरल्या. एक चंद्रभागाबाईंच्या फुललेल्या वावरातली. दुसरी सत्यभामाच्या वावरातली. तिच्याकडे ठिबकची नळी उशिरा पोचल्याने लागण बारा दिवस मागे होती आणि तिथे नुकत्याच कळ्या धरत होत्या. जाताना तो बाकीच्या बायांकडे वळून म्हणाला, "निकाल एकादशीपत्तर येतो. पण माझं ऐकाल तर थांबू नका."

बायांनी चंद्रभागाबाईंकडे पाहिलं. बाईंनी पदर सावरला. कुणीच विळा उचलला नाही.

एकादशीच्या सकाळी नेमाप्रमाणे बाई रानात होत्या. एकादशीला त्या निर्जळ उपास करत आणि कुठल्याही झाडाला पातं लावत नसत, भाजी चिरायचं कामसुद्धा नाही. पलीकडच्या वावरातून सत्यभामा धावत आली. फोन तिने आधीच स्पीकरवर टाकला होता. मागोमाग वत्सलाबाई आणि आणखी पाच-सहा जणी आल्या.

"काकू," बद्रीनाथचा आवाज पडलेला होता. "सत्यभामाताईचा पाला पास हाय. शंभर किलोला नऊशे ग्रॅम. तुमचा…"

"सांगा की."

"तुमचा तीनशे ग्रॅम. त्यो न्हाई चालायचा, काकू."

बाईंनी हातातला फुललेला शेंडा पुन्हा नाकाशी नेला. "पर वास तर भरलाय, साहेब."

"वास येगळा, औषध येगळं. झाड फुलात जीव घालाया लागलं की पाल्यातलं औषध उतरतं. आन चूक तुमची एकटीची न्हाई. बी उत्तरेकडचं हाय. तिकडं उन्हाळ्यात दिवस लई मोठा व्हतो, तवर झाड नुसतं पाल्यावर वाढत ऱ्हातं. आपल्याकडं दिवस तेवढा लांबतच न्हाई. झाडाला वाटतं, आटपायची येळ झाली. आमीबी ध्यानात घ्याया पायजे व्हतं."

"बाकीच्या वावरांचं काय?"

"आज कापली तर वाचतील. उद्या निम्मी. परवा न्हाई."

फोन बंद झाला. एकोणीस वावरं कळीत उभी होती. चतुर्दशी तीन दिवसांवर.

चंद्रभागाबाई बांधावर बसल्या नाहीत, की कपाळाला हात लावला नाही. त्या जागच्या जागी उभ्या राहून सावकाश सगळीकडे बघत होत्या. चौतीस वर्षं दवणा खरा होता, आजही खराच होता. पण हे दवण्याचं भावंड होतं, दवणा नव्हतं. सख्ख्या बहिणी एका ताटात जेवतात म्हणून त्यांचे स्वभाव एक नसतात, हे तीन मुली वाढवलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं. तरी त्यांनी ते पाहिलं नाही. वासावर भुलल्या. देवाने पीक दिलं होतं, आणि बद्रीनाथच्या तोंडून सांगूनही ठेवलं होतं. ऐकायचं काम तेवढं आपलं होतं.

"सगळ्यांला बोलवा," त्या म्हणाल्या.

बाया गोळा झाल्या. बाई नेहमीसारख्याच हळू बोलल्या, म्हणून मागच्यांना पुढे सरकावं लागलं.

"मपलं चुकलं. फुलल्यावर कापा, असं मी म्हन्ले. तुमी माझ्या शब्दावर थांबल्यात. सत्यभामेचं खरं व्हतं. आता बोलण्यात येळ घालवायचा न्हाई. आज दिवस मावळायच्या आत एकोणीस वावरं कापायची."

"आज?" वत्सलाबाईसारखी वत्सलाबाईही चाचरली. "मावशी, एकादशी हाय. आन कळीवर इळा…"

"ठावं हाय. पाप लागलंच तर पहिल्या इळ्याला लागंल. पहिला इळा मी मारते. पाटोद्याकडची ती बाई कोपीत गेली तवा कोणची तिथ व्हती, कुणी इचारलं न्हाई. ज्या मानसाला आज ताप भरलाय त्यो चतुर्दशीपत्तर थांबल का?" मग त्या सत्यभामाकडे वळल्या. "पोरी, तुझ्या वावरात पहिला इळा मपला चालंल का?"

सत्यभामाचे डोळे भरून आले, पण ते तेवढ्यापुरतेच. "चालंल न्हाई, पळंल," ती म्हणाली आणि विळा आणायला गेली.

बाईंनी ओल्या हाताने झाडाला स्पर्श केला, कपाळाला लावला, काही पुटपुटल्या आणि खाली वाकून बुडापासून वीतभर वर विळा ओढला. चर्र असा आवाज झाला. आभाळ काही कोसळलं नाही. दुसरं झाड, तिसरं. मग मागे वीसेक विळे एकदम चालू झाले. ऊसतोडीला गेलेले हात ते, एकदा लागल्यावर थांबणारे नव्हते. दुपारी आश्रुबा डोक्यावर गुळाच्या पाण्याची कळशी घेऊन आले आणि बायकोला वाकलेली बघून म्हणाले, "एकादशीला मला कवा कांदा चिरू दिला न्हाई हिनं. आन आज आख्खं रान कापतीय."

"कांदा तुमी खानार व्हता," बाई मान वर न करता म्हणाल्या. बाया हसल्या, आणि तिथून पुढे तो दिवस हलका झाला.

पण कापून भागणार नव्हतं. हा पाला सावलीत, वाऱ्यावर वाळवावा लागतो, ऊन लागलं की औषध उडतं. चैत्रातल्या बीडच्या उन्हात पत्र्याची घरं म्हणजे तवे. गावात एकच जागा थंड आणि हवेशीर होती, भैरोबाचा दगडी सभामंडप. तो जत्रेसाठी झाडून-सारवून ठेवलेला. पहिले भारे पायरीवर उतरले तेव्हा हरिबा गुरव आडवे झाले.

"वहिनी, तीन दिसांवर जत्रा हाय! मानसं कुठं बसवू, शिखरावर?"

"पाल्याच्या कडंनं बसवा. आन ज्याच्या म्होरं जो पाला असंल त्यो त्यानं तासातासाला उलथायचा. भजनात हात मोकळेच असत्यात."

"आन देवाला इचारलं का?"

"तुमी कौल लावा," बाई म्हणाल्या. "मी तवर पसरते."

हरिबा गाभाऱ्यात गेले खरे. त्यांनी देवाला फूल लावलं, आणि ते उजवीकडून पडलं की डावीकडून, हे बाहेर येऊन त्यांनी सांगितलं नाही. बाहेर येईपर्यंत निम्मा मंडप हिरवा झाला होता. त्यांनी क्षणभर पाहिलं, धोतर वर खोचलं आणि कोपऱ्यातला पाला पातळ करायला बसले.

"लई दाट पसरलाय ह्यो," ते कुरकुरले. "बुरशी धरंल."

जत्रा तशीच झाली. लोक पाल्याच्या कडेकडेने बसले, टाळ वाजवता वाजवता पाला उलथत राहिले. चंद्रभागाबाईंनी परसातल्या दवण्याची पूर्ण फुललेली जुडी नेहमीप्रमाणे देवाला वाहिली. तिथे काहीच बदललं नव्हतं.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच आपल्या फुललेल्या वावरात गेल्या. ते पीक आता कंपनीच्या कामाचं नव्हतं, कापून खड्ड्यात टाकायचं आणि खत करायचं. ओळीने कापत असताना तिसऱ्या ओळीत विळा थबकला. एक झाड कमरेएवढं, पाल्याने गच्च, आणि शेंड्याला एकसुद्धा कळी नाही. लागण त्याच दिवशीची, पाणी त्याच नळीचं. बाई सरळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी विळा बाजूला ठेवून सगळं वावर पायाखाली घातलं. अशी अकरा झाडं निघाली.

दवण्याचं बी धरताना त्या नेहमी झाडं निवडत. कुठल्याही झाडाचं बी उचलायचं नाही, हवं तसं वागणाऱ्याचंच धरायचं. सत्यभामा शोधत आली तेव्हा बाई अकराव्या झाडाला लाल नाडा बांधत होत्या.

"ही कावून सोडली, मावशी?"

"ह्यांला आपला दिवस आखूड वाटत न्हाई. बाकीचं समदं फूल आज कापून टाकू, म्हंजी त्याची धूळ ह्यांच्यावर बसायची न्हाई. ही एकमेकांत फुलतील, आन बी आपल्या मातीचं व्हईल."

सत्यभामाने बद्रीनाथला फोन लावला. झाडं किती, कळी खरंच नाही ना, हे त्याने दोनदा विचारून घेतलं. मग तो म्हणाला, "काकूंला म्हणावं, नाडे घट्ट बांधा. कंपनीला मी सांगतो."

वैशाखात माल गेला आणि पास झाला. एकोणीस वावरांचा सगळा. ज्या चौघींचं रान फुलून गेलं त्यांनाही आलेल्या पैशात वाटा द्यायचा, हे संस्थेच्या सभेत एका वाक्यात ठरलं, आणि ते वाक्य वत्सलाबाईने म्हटलं. पुढचा करार दहा एकरांचा आला. दसऱ्यानंतर ट्रक गावात आले आणि गेले. त्या तेवीस घरांतून त्यांत कुणी चढलं नाही.

पुढच्या पौषात लागण झाली तेव्हा बाईंनी आपल्या वावरात दोन पट्ट्यांत कंपनीचं बी लावलं आणि तिसऱ्या पट्टीत त्या अकरा झाडांचं. पंचाहत्तर दिवस उलटल्यावर एका सकाळी त्या शेंडे तपासत निघाल्या. पहिल्या पट्टीत बारीक गाठी. दुसरीतही. तिसऱ्या पट्टीत त्या ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या आणि तितक्याच सावकाश परत आल्या. थोड्या झाडांना कळी होती, ती त्यांनी तिथल्या तिथे उपटली. बाकी नुसता पाला, वाऱ्यावर डुलणारा.

"सत्यभामे," त्यांनी बांधावरून हाक मारली, आणि त्यांच्या मानाने ती मोठ्याने मारली. "बायांला बोलीव. ह्या दोन पट्ट्यांवर आज इळा. तिसरीला आजून तीन आठवडे हात लावायचा न्हाई."